थायलेरियाच्या लसीवर काम करायचंय? आधी गाठीत सुई घालायला शिका

"मॅडम, लस संशोधनात यायचंय, कुठून सुरुवात करू?" असं पशुवैद्यकच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, तेव्हा मी आधी उलटं विचारते: गाईच्या खांद्यापुढच्या सुजलेल्या लसिकागाठीत सुई घालून काचपट्टी करता येते का? गिम्सा रंगाने रंगवून तिच्यातला शायझाँट, म्हणजे पेशीच्या आत वाढणारं परजीवीचं रूप, ओळखता येतो का? पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून परजीवी ओळखण्याची चाचणी) महिन्याभरात शिकता येतो. काचपट्टी वाचणारी नजर यायला मात्र बराच वेळ जातो, आणि पुढे पेशींच्या कामातही तीच उपयोगी पडते.

थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी हायलोमा गोचिडाच्या लाळेतून जनावरात जातो. गोठ्यात 'गोचीड ताप' म्हटलं की बबेसिया हा गोचिडातूनच येणारा दुसरा परजीवीही त्यातच धरतात, पण लघवी लाल होणं हे मुख्यतः बबेसियाचं लक्षण. थायलेरियात गाठी सुजतात, ताप उतरत नाही, जनावर पांढरं पडतं. होल्स्टीन-जर्सी संकरित गाई यात पटकन जातात. साहिवालसारख्या देशी गाई बऱ्याचदा निभावतात. मी या विषयाला चिकटले ते याच्या एका करामतीमुळे. हा परजीवी रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरून तिला कर्करोगाच्या पेशीसारखं वाढत ठेवतो, आणि ब्युपार्वाक्वोन या औषधाने तो मेला की पेशीची ती वाढही थांबते.

नवख्यांना बहुधा ठाऊक नसतं की लस आधीपासूनच आहे. हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सची 'रक्षावॅक-टी'. बाधित पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेल्या की परजीवीचा जोर ओसरतो. त्याच जिवंत पेशी टोचायच्या. अडचण अशी की त्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, आणि वितळवल्यावर लगेच वापराव्या लागतात. गावोगाव कृत्रिम रेतनाचे नायट्रोजन कंटेनर फिरतात, पण त्यांत लसीच्या कुप्या क्वचितच दिसतात. माझ्या मते संशोधनाइतकंच काम इथे आहे.

मग प्रयोगशाळेत काय करायचं? जोर नेमका कशाने ओसरतो, हे शोधणं हा एक धागा. पेशीला ऊती भेदून पसरायला मदत करणारी प्रथिनभेदक विकरं कमी होतात, एवढं दिसलेलं आहे. दुसरा धागा म्हणजे स्पॅग-१ किंवा टॅम्स-१ यांसारख्या परजीवीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांपासून, शीतसाखळीचा एवढा जाच नसलेली लस बनवणं. कागदावर हे देखणं दिसतं. पण टॅम्स-१ एका ठिकाणच्या परजीवीत एक, दुसरीकडे वेगळं. अशी लस अजून बाजारात आलेली नाही, आणि तुमच्या पीएच.डी.त ती येईल असं धरून चालू नका.

रोजचं काम म्हणाल तर पेशी वाढवायचं आरपीएमआय माध्यम, वासराचं सीरम, ३७ अंश, आणि दर दोन-तीन दिवसांनी पेशींची वाटणी. या पेशी तळाला चिकटत नाहीत, तरंगत गुच्छ करतात. माध्यम पिवळं पडलं की त्यांची भूक कळते. दिवाळी असो की गणपती, कुणीतरी यावंच लागतं. सुट्ट्यांची पाळी गाईडशी आधीच बोलून घ्या. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी नियमित करा. तो शिरला की माध्यम गढूळही होत नाही आणि आकडे मात्र खोटे येतात.

गोठ्यात गोचीड गोळा करताना हातमोजे हवेतच, आणि गोचीड बोटांनी चिरडायचा नाही. हायलोमा काँगो तापाचा विषाणूही वाहतो. २०११ मध्ये गुजरातेत त्याने माणसं दगावली आहेत. शेतकरी उघड्या हाताने गोचीड ओढत असतो, त्यालाही हे सांगा. पावसाळ्यात नमुने जास्त मिळतात, म्हणून प्राणी-नीती समितीची परवानगी उन्हाळा संपायच्या आत हातात असू द्या. समितीच्या बैठका तुमच्या ऋतूप्रमाणे होत नसतात.

पशुवैद्यकची पदवी असेल तर परजीवीशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.व्ही.एस्सी. हा सरळ रस्ता. एम.एस्सी. वाल्यांनाही दार उघडं आहे, पण वासरं सांभाळायची तर पशुवैद्यक सहकारी लागतोच. नेट परीक्षेतून किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) फेलोशिप मिळाली की २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. हैदराबादची राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्था, इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था (आयव्हीआरआय), हिसारचं पशुवैद्यक विद्यापीठ इथल्या जागांवर लक्ष ठेवा. केनियातली आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था (इलरी) पूर्व आफ्रिकेतल्या थायलेरिया पार्वा या भावंड परजीवीवर काम करते, तिथली लस वेगळ्या तत्त्वावर चालते: जिवंत परजीवी आणि सोबत ऑक्सिटेट्रासायक्लिन.

अर्जाच्या मेलमध्ये "मला संशोधनाची आवड आहे" लिहू नका. ज्या संशोधन गटाला लिहिताय त्याचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातली कुठली आकृती कळली नाही ते विचारा. आणि स्वतः केलेल्या काचपट्टीचा फोटो जोडा.