विजेवरची गाडी वापरताना या चुका टाळा

गाडीची तक्रार घेऊन येणारे लोक रेंज, सॉफ्टवेअर आणि बॅटरीचे आयुष्य यांवर भरभरून बोलतात. मात्र ज्या सॉकेटमधून ती गाडी रोज रात्री वीज घेते, त्याची प्लेट उघडून पाहिलेला मालक क्वचितच भेटतो.

सर्वांत घातक चूक अर्थिंगची आहे. अर्थिंग मिळाले नाही, तर बहुतेक पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून चार्जिंग सुरूच करत नाहीत. कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत ओळखीच्या गृहस्थांचा असाच अडलेला चार्जर वायरमनने पाच मिनिटांत सुरू करून दिला आणि ती करामत पाहण्यासाठी त्यांनी मला कौतुकाने बोलावले. प्लेट उघडली, तर भिंतीतून अर्थची वायर आलेलीच नव्हती. न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत बोटभर वायरचा तुकडा टाकून चार्जरची फसवणूक केलेली होती. अशा जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरू शकतात, आणि गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे तो प्रवाह ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाची वाट पाहत राहतो. त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विचही नव्हता. तो तुकडा मी तिथेच काढायला लावला. पुढे सोसायटीने अर्थ पिट करून स्वतंत्र वायर ओढेपर्यंत त्यांना बाहेर चार्जिंग करावे लागले, याचा राग त्यांच्या मनात अजून असावा. पण पाच मिनिटांत झालेल्या विजेच्या कामावर माझा विश्वास नाही. मी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, चार्जिंग चालू असताना, त्याच लाइनवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये जाणकार वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घेतो. ते एक-दोन व्होल्ट असले तर मला चिंता वाटत नाही. काटेकोर शून्य दिसले, तर मात्र आत तसाच तुकडा टाकलेला असल्याची शंका येते आणि मी प्लेट उघडायला लावतो.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. गिझरही बराच प्रवाह ओढतो, पण तो अर्ध्या तासात बंद होतो. चार्जर जवळपास १५ अँपिअर प्रवाह आठ-दहा तास सलग ओढतो. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर घ्यावी आणि तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

दुसरी चूक हव्यासाची आहे. द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये रांग लागलेली असताना काही जण शंभर टक्क्यांसाठी अडून बसतात. ८० टक्क्यांनंतर डीसी, म्हणजे जलद चार्जिंगचा वेग बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम कमी केला जातो, त्यामुळे उरलेल्या २० टक्क्यांना कधी कधी आधीच्या ५० टक्क्यांइतका वेळ लागतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या बाबतीत टक्केवारीचा अंदाज बरोबर राहावा म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करायला कंपन्या सांगतात, पण ते काम घरी रात्री करावे. महाबळेश्वरच्या हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून पसरणी घाट उतरणारे तर मला कळतच नाहीत: भरलेल्या बॅटरीत जागा नसल्यामुळे रीजनरेशन, म्हणजे उतारावर मोटरने बॅटरीत परत भरलेली वीज, जवळजवळ मिळत नाही, फुकटची वीज जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ८५ टक्क्यांवर थांबावे.

भिजलेला कनेक्टर पुसून, आत पाणी नसल्याची खात्री करूनच लावावा. गाडीतल्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावू नये. बॅटरीला आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आहे म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये. ती चाचणी एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून केलेली असते, वाहत्या नाल्यात नव्हे. आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडली, तर सर्व्हिस सेंटरला फोन करण्यापूर्वी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी.