सणाचा सातबारा कसा काढायचा

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. नाताळ म्हणजे मुळात रोमन सूर्यदेवाचा सण, ईस्टर म्हणजे बॅबिलोनची देवी इश्तार, ख्रिसमस ट्री मूर्तिपूजकांचं. खाली जोडलेले हात. मग एक भाचा चिडतो, एक सून हसते आणि कुणीतरी लिहितं, 'काका, खरं काय ते तुम्ही सांगा.' काका म्हणजे मी. जातीने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती, गाव मनोरीकडचं, ठाणे जिल्ह्यात तीस वर्षं तलाठी. धर्मशास्त्र मला येत नाही. पण 'ही जमीन आमच्या पणजोबांची' असं सांगत आलेल्या माणसाला कागद कसा मागायचा ते येतं. सणालाही तसाच कागद मागायचा. रीत सांगतो.

आधी सात आणि बारा वेगळे करा. सातबाऱ्यात नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात पिकतं काय. सणाची तारीख हा सात. झाड, अंडी, मेणबत्त्या, फराळ हा बारा. सणाचं नाव हे तिसरंच प्रकरण. मेसेजवाले तिन्हींची खिचडी करतात. झाड जुन्या धर्मातलं निघालं म्हणून तारीख तिथली ठरत नाही, आणि उलटही नाही. कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकाची नोंद वेगळी शोधा.

मग प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न: सर्वात जुनी नोंद कधीची आणि कुणाची? तिथेच निम्मे दावे गळतात. रोममध्ये पूजला जाणारा मिथ्र देव २५ डिसेंबरला जन्मला म्हणतात, त्याला प्राचीन काळातला एकही कागद नाही. सॅटर्नेलिया हा रोमन सण मात्र पक्का: मालक-गुलाम एका पंक्तीला, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट. पण तो १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबून लांबून २३ पर्यंत जायचा. बांधाला बांध लागून आहे, गट वेगळा.

आता नाताळचा मुख्य कागद. हा नीट बघा, कारण असा कागद हाती येणं म्हणजे नशीबच. इसवी सन ३५४ मध्ये रोममध्ये व्हॅलेंटिनस नावाच्या एका बड्या ख्रिस्ती माणसासाठी फिलोकॅलस या सुलेखनकाराने एक सचित्र वही तयार केली. मूळ वही गेली, नकलेच्या नकला उरल्या. इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. तिच्यात शहराचं पंचांग आहे आणि चर्चच्या याद्याही आहेत. पंचांगात २५ डिसेंबरपुढे एवढंच लिहिलंय: 'अजिंक्याचा जन्मदिन, शर्यती ३०.' शर्यती रथांच्या. 'सूर्य' हा शब्दसुद्धा नाही, पण 'अजिंक्य' ही सूर्यदेवाची त्या काळची उपाधी, त्यामुळे रोख त्याच्याकडेच. त्याच वहीत पुढे हुतात्म्यांच्या दफनदिवसांची यादी आहे. तिची पहिलीच ओळ: २५ डिसेंबर, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला.

म्हणजे एका वहीत, एका तारखेवर, दोन कब्जेदार.

आणि आता माझ्या धंद्यातली गंमत. शेजारीच रोमच्या बिशपांच्या दफनतारखांची यादी आहे. ती २७ डिसेंबरला सुरू होते, वर्षभर फिरते आणि ८ डिसेंबरला संपते. त्याखाली दोन नावं कोंबलेली: मार्कस, ७ ऑक्टोबर. ज्युलियस, १२ एप्रिल. क्रम मोडला! फेरफार पुस्तकात पानाच्या तळाशी वेगळ्या शाईतली ओळ दिसली की तलाठी जसा थबकतो, तसा मी इथे थबकलो. सिल्वेस्टर बिशप वारला ३१ डिसेंबर ३३५ ला, तो क्रमात आहे. मार्कस वारला ३३६ च्या ऑक्टोबरात, तो क्रमाबाहेर. म्हणजे मूळ यादी या दोघांच्या मृत्यूंच्या मधे लिहिली गेली. शिवाय यादीचं वर्ष ८ आणि २७ डिसेंबरच्या मधे कुठेतरी सुरू होतं, जानेवारीत नाही. हुतात्म्यांची यादीही तशीच २५ डिसेंबरला सुरू होते, म्हणजे ती याच यादीची जोडीदार. म्हणून नाताळाची सर्वात जुनी नोंद ३३६ ची धरतात. ज्याने कुणी हे पहिल्यांदा हेरलं, त्याला मी मंडळ अधिकारी केला असता.

सूर्याच्या बाजूने काय आहे? ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं मोठं देऊळ बांधलं, हे खरं. पण ते २५ डिसेंबरला उघडलं असं त्या काळचा एकही कागद सांगत नाही. तारखेपुरती सूर्याची जुनी नोंदही ३५४ चीच, त्याच वहीतली. दुसरीकडे ऑगस्टीन हा धर्मपंडित पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की ख्रिस्त गर्भात आला २५ मार्चला आणि मेलाही त्याच तारखेला. पुढे नऊ महिने मोजा. हा हिशेबाचा पक्ष, तो सूर्याचा पक्ष, विद्वान दोन्हीकडे आहेत. मी तलाठी असतो तर ही तक्रारी नोंद म्हणून ठेवली असती आणि सूर्याचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलं असतं. 'चोरीची जमीन' असा शेरा मारायला पुरावा पुरत नाही.

ईस्टरच्या बाबतीत नावाचा रकाना आधी उघडा. अनेक युरोपी भाषांत या सणाचं नाव 'पास्खा'वरून आलंय, म्हणजे यहुद्यांच्या सणावरून, ज्याला मराठी बायबलात वल्हांडण म्हणतात. गोव्यात आजही 'पास्कांचें फेस्त'च. 'ईस्टर' हा शब्द इंग्लिश-जर्मन वाड्यातला. त्याचा साक्षीदार एकच: बीड नावाचा इंग्लिश मठवासी. त्याने ७२५ मध्ये लिहिलं की पूर्वी एका महिन्याला इओस्त्रे देवीचं नाव होतं आणि आता तेच नाव या सणाला लावतात. एका साक्षीदाराचा जबाब फेकून देऊ नका, पण त्यात नसलेलं त्याच्या तोंडी घालूही नका. बीडने ससा म्हटलेला नाही, अंडी म्हटलेली नाहीत. देवीला १८३५ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने नव्याने उभं केलं, ससा तिच्या मांडीवर आणखी चाळीस वर्षांनी आला. अंड्यांचा हिशेब साधा आहे: ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य, कोंबड्यांना कोण सांगणार? ती साठत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० च्या खर्चवहीत ४५० अंडी १८ पेन्सांना घेतल्याची नोंद आहे, सजवून वाटायला.

इश्तारचं काय? उच्चार जुळतो, बस. हा दावा एकोणिसाव्या शतकातल्या अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने पसरवला. इथे पुढची पायरी येते: दावा दाखल कुणी केला ते बघा. मला वाटायचं हे बाहेरचे लोक बोलतात. नाही हो, भाऊबंदकीच आहे! हिस्लॉपला रोमन कॅथलिकांना बॅबिलोनी ठरवायचं होतं. त्याच्याही आधी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांनी, १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. आमच्या ग्रुपवर मेसेज टाकणारा चुलतभाऊसुद्धा नव्या पंथात गेलेला आहे. दावेदाराचा स्वार्थ दिसला म्हणून दावा खोटा होत नाही. पण कागद दोनदा तपासा.

झाडाला फार वेळ देऊ नका. मेणबत्त्यांच्या अन् दिव्यांच्या झाडाला हजारो वर्षांचा इतिहास नाही; १६०५ च्या सुमारास युरोपातल्या स्ट्रासबर्ग शहरातल्या घरांत सफरचंदं आणि कागदी गुलाब टांगलेली झाडं दिसतात, तिथून पुढे चला.

आता उलट बाजू, कारण काही जमिनी खरोखर हस्तांतरित झालेल्या आहेत आणि त्यांचा दस्तही आहे. ६०१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस नावाच्या धर्मप्रचारकाला पत्र लिहितो. आधी तिथल्या राजाला त्याने 'देवळं पाडा' असं कळवलं होतं, आता विचार बदललाय. मूर्ती फोडा, देवळं ठेवा, तीर्थ शिंपडून वेदी बसवा. लोक सैतानाला बैल कापत आलेत, तर त्यांनी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून, सणाच्या दिवशी तेच बैल कापून खावेत, फक्त आभार देवाचे मानावेत. बैल तेच, मांडवही तसाच, नाव फिरलं. बीडने हे पत्र आपल्या इतिहासात उतरवून ठेवलंय. नॉर्वेत दहाव्या शतकातल्या हाकोन राजाने जुन्या 'योल' सणाची तारीख नाताळाला आणून भिडवली असं पुढच्या काळातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी सांगतो. तिथे नाताळाला अजून 'यूल'च म्हणतात. 'सगळं खोटं' म्हणणाऱ्या चिडक्या भाच्याला मी ही दोन उदाहरणं पाठवतो.

शेवटची पायरी: हीच रीत आपल्या घरी वापरून बघा, हात बसतो. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' असतं. वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, नवऱ्यामुलाला किंवा मुलीला न्हाऊ घालायचं. लग्न चर्चमध्ये, ज्याला माझी आजी देऊळच म्हणायची. नावाचा रकाना: उंबर. बाराचा रकाना: विहीर, पाणी, बँड. साताचा: लग्नाची आदली संध्याकाळ. उंबर कुठाय? तर्क करत बसलो नाही, वही घेऊन मावशीकडे गेलो आणि रीतसर जबाब घेतला. तुम्हीही असाच घ्या: तारीख, नाव, वय, आणि 'स्वतः पाहिलं' की 'ऐकलं' हे स्पष्ट. माझ्या वहीत आहे:

'मावशी, वय ८१. आईच्या लग्नात कळशीत उंबराची डहाळी होती असे ऐकले. स्वतःच्या लग्नात आंब्याची पाहिली. मुलीच्या लग्नात काही नव्हते, नळाचे पाणी होते. वाचून दाखवले, बरोबर आहे.'

खाली अंगठा नको म्हणाली, सही केली.