गेम बॉयच्या स्क्रीनवर उभ्या पट्ट्या कोऱ्या? माझ्या अशा गेल्या

जुना करडा गेम बॉय (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम), १९८९ वाला मॉडेल, विकायला काढला आणि चालू करून बघतो तर डावीकडे तीन उभ्या पट्ट्या कोऱ्या, तिथं काही उमटतच नाही. चारही सेल बदलले, कार्ट्रिज पुसलं, कॉन्ट्रास्टचं चाक फिरवलं. दोन रविवार वाया, डोकं फिरलं.

दोष बहुतेक वेळा काचेत नसतो, काचेच्या खालच्या कडेच्या रिबनचा (काच बोर्डाला जोडणाऱ्या पातळ पट्टीचा) जोड सुटलेला असतो.

मागचे ६ स्क्रू काढा, त्यातले २ सेलच्या खणात असतात (माझ्याला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर लागला). दोन्ही भागांमधली चपटी केबल सरळ ओढून सोडवा, पुढच्या बोर्डाचे बारीक स्क्रू काढून बोर्ड उचला, स्क्रीनखालची रबरी पट्टी हळूच सोडवा. आता केबल परत जोडून गेम बॉय चालू करा, म्हणजे फरक समोरच दिसतो. सोल्डरिंग गन कमीत कमी तापमानावर ठेवून टोक रिबनवरून आडवं सावकाश फिरवा, एका जागी थांबलात तर रिबन जळेल. माझ्या दोन पट्ट्या पहिल्याच फेरीत आल्या, तिसरीला चार फेऱ्या लागल्या.

आडव्या पट्ट्या असतील तर ती बाजूची रिबन, तिला मी हात लावलेला नाही.