शब्द पाठ आहेत, पण वाक्यात बसत नाहीत? इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना या चुका टाळा

नागपुरात माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात अर्धी मुलं घरी हिंदी बोलणारी, अर्धी मराठी. वह्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच: पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. परवा एकीच्या वहीत सातशेच्या वर शब्द भरलेले दिसले. तिला म्हटलं, बहिणीच्या लग्नाबद्दल चार वाक्यं सांग. पहिलंच वाक्य आलं, "वुई रिमूव्ह्ड मेनी फोटोज." वर्गात कुणी हसलं नाही, कारण काही चुकलंय असं कुणाला वाटलंच नाही. ती म्हणाली, "सर, फोटो काढतातच ना?" मागच्या बाकावरच्या हिंदीवाल्यांनीही मान डोलावली. नागपुरी हिंदीत फोटो 'निकालते'च आहेत.

रोग त्या उभ्या रेघेत आहे. एका शब्दासमोर एक अर्थ लिहिला की हिशेब मिटला असं वाटतं. 'काढणे म्हणजे रिमूव्ह' असं ज्यांच्या वहीत असेल, त्यांनी एक दिवस आपण काय काय काढतो ते मोजून बघावं. एटीएममधून पैसे काढतो, दारात रांगोळी काढतो, एसटीचं तिकीट काढतो, घरासाठी कर्ज काढतो, दुपारी जरा झोप काढतो, गाईचं दूध काढतो, ऐन जेवताना नको तो विषय काढतो. इंग्रजीत यातलं प्रत्येक काम वेगळ्या शब्दाकडे आहे. पैसे 'विथड्रॉ' होतात, रांगोळी 'ड्रॉ' होते, तिकीट 'बाय' करायचं, कर्ज 'टेक आउट' करायचं, झोपेला 'टेक अ नॅप', विषयाला 'ब्रिंग अप'. दूध काढण्यासाठी 'मिल्क' हेच क्रियापद चालतं आणि फोटोला साधं 'टेक' पुरतं. 'रिमूव्ह' कुठे चालतं? कपड्यावरचा डाग काढताना, ऑपरेशनचे टाके काढताना, यादीतून एखादं नाव काढताना. (आईबापाचं नाव काढणाऱ्या मुलाचं भाषांतर मात्र वर्गात कुणाला करायला देऊ नका. मी देऊन बसलोय.)

मुलं विचारतात, कुठे कोणता शब्द लावायचा याचा नियम काय? नियम नाही. आपण पोळी लाटतो आणि भाकरी थापतो. कणीक भिजवतो किंवा मळतो, इडलीचं पीठ मात्र आंबवतो. हे आपल्याला कुणी नियम सांगून शिकवलेलं नसतं. "भाकरी लाटली" म्हणणाऱ्याचं बोलणं आजीला समजतं, पण हा आपल्या घरातला नाही हेही तिला तिथेच कळतं. इंग्रजीत 'रिमूव्ह्ड फोटोज'चं तेच होतं. म्हणून वहीत सुटा शब्द लिहूच नका, त्याची जोडी लिहा: 'टेक अ फोटो', 'विथड्रॉ मनी', 'ब्रिंग अप द टॉपिक'. 'काढणे' झालं की 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. एक रविवार त्यातच जाईल आणि तो वाया जाणार नाही.

परीक्षेचीही तीच गत. आपण परीक्षा 'देतो', हिंदीतही 'देते हैं', म्हणून 'आय गेव्ह द एक्झाम'. भारतात हे खपून जातं. बाहेरच्या माणसाला मात्र त्यातून तुम्ही पेपर घेणारे मास्तर आहात असं वाटू शकतं. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो.

मातृभाषेप्रमाणे चुका कशा बदलतात तेही बघण्यासारखं आहे. सिगारेट आपण ओढतो, त्यामुळे मराठी मुलगा 'पुल' म्हणून बसतो, तर हिंदी मुलगा सिगरेट 'पीता है', म्हणून तो 'ड्रिंक'. दोघांनाही हवं असतं 'स्मोक'. हिंदीतला 'कल' कालही असतो आणि उद्याही, त्यामुळे तिकडच्या मुलांची 'यस्टरडे' आणि 'टुमॉरो'मध्ये गडबड होते. यावर मराठी मुलांनी फार हसू नये, आपला 'परवा' तसाच दोन्हीकडे तोंड करून बसलेला आहे. पण एका बाबतीत मराठी उपयोगी पडते. सांगणे, म्हणणे आणि बोलणे हे तीन वेगळे शब्द आपल्याकडे आहेतच. सांगणे म्हणजे बहुतेक वेळा 'टेल', म्हणणे म्हणजे 'से', बोलणे म्हणजे 'स्पीक' किंवा 'टॉक'. तरी 'ही सेड मी' कानावर येतं, कारण 'तो मला म्हणाला'मधला 'मला' तसाच उचलला जातो. 'ही टोल्ड मी' म्हणा, नाहीतर 'ही सेड टू मी'.

दुसरी मोठी चूक ओळखीच्या शब्दांबद्दल आहे. रोज तोंडात असलेले इंग्रजी शब्द आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. घराला 'गॅलरी' असते असं आपण म्हणतो, इंग्रजीत ती 'बाल्कनी' आणि 'गॅलरी'त चित्रं टांगलेली असतात. आपण 'हॉटेल'मध्ये मिसळ खातो, तिकडे हॉटेलात मुक्काम करतात आणि खायला रेस्टॉरंटमध्ये जातात. गाडीची 'स्टेपनी' आली वेल्समधल्या एका गावातून. तिथल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाकं बनवणारी कंपनी होती, तिचं नाव आपण सांभाळून ठेवलं. आज इंग्लंडमध्ये 'स्पेअर व्हील' म्हणावं लागेल. यातला सगळ्यात महागात पडणारा शब्द 'पासआउट'. 'आय पास्ड आउट इन २०२१' हे परदेशी माणसाने ऐकलं तर त्या वर्षी तुम्हाला चक्कर येऊन शुद्ध हरपली असं तो समजेल. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

अवघड शब्दांच्या याद्यांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. स्पर्धा परीक्षांमुळे मुलांना 'फिलॅन्थ्रोपिस्ट' आणि 'ओम्निपोटेंट' तोंडपाठ असतात, आणि उसने देणे 'लेंड' की 'बॉरो' यावर गाडी अडते. (देणे 'लेंड', घेणे 'बॉरो'.) परीक्षेत तो प्रश्न येणार असेल तर याद्या जरूर पाठ करा, पण बोलणं त्यातून येणार नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक फाळणीआधीच्या ढाक्यात काम करत. तिथल्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना, नेहमी लागणारे शब्द आधी यावेत यासाठी त्यांनी धडपड केली. त्या वाटेने पुढे १९५३ मध्ये साधारण २,००० शब्दांची यादी छापली गेली. साध्या इंग्रजी मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द तेवढ्यात येतात. आधी त्या २,००० शब्दांच्या जोड्या पक्क्या करा. 'ओम्निपोटेंट' कुठे पळून जात नाही.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवयही सोडा. 'वेस्ट' लिहिलं तर ते बनियन, पश्चिम की वाया जाणं? मराठीत आपण 'व्हेस्ट' लिहून बनियन तरी वेगळं करतो, हिंदीत तिन्ही 'वेस्ट'च. इंग्रजी शब्दात जोर कुठे द्यायचा ते तर देवनागरी सांगतच नाही. फोनमधल्या डिक्शनरीत स्पीकरचं चित्र असतं, ते दाबा, ऐका आणि मोठ्याने म्हणा.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार: "वाचताना शब्द कळतो, बोलताना आठवत नाही." महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं शब्द डोळ्यांखालून गेलेले असतात. पण सराव एकाच दिशेने झालेला असतो, इंग्रजी बघून अर्थ सांगण्याचा. बोलताना लागते उलटी दिशा. शिवाय उजळणी होते ती सलग, परीक्षेच्या आदल्या रात्री. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, ते कसे विसरले जातात हे मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. विसरण्याचा सगळ्यात मोठा घसारा सुरुवातीलाच होतो.

यावर सेबास्टियन लाइटनर या विज्ञान-पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली डब्याची युक्ती मी वर्गात वापरतो. जुन्या लग्नपत्रिका आणा, कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका बाजूला मराठी किंवा हिंदी वाक्य, 'आम्ही खूप फोटो काढले'. मागे इंग्रजी वाक्य. मिठाईच्या खोक्यात तीन कप्पे करा. नवे तुकडे पहिल्या कप्प्यात, ते रोज बघायचे. मराठी वाचून इंग्रजी तोंडाने म्हणायचं, मनात नाही. बरोबर आलं की तुकडा दुसऱ्या कप्प्यात जातो, तो तीन दिवसांनी बघायचा. तिथेही जमलं तर तिसऱ्यात, आठवड्याने. कुठेही चुकला की मुकाट्याने पहिल्या कप्प्यात परत.

दिवसाला पाचच तुकडे करा. सातशे शब्दांच्या वहीवाल्या मुलीला पाच फार कमी वाटले, तिने पहिल्याच दिवशी चाळीस केले आणि चौथ्या दिवशी खोकं घरी विसरून आली. आता पाचावर आहे. बहिणीच्याच लग्नाची पत्रिका कापलीय तिने. 'टेक'च्या तुकड्यामागे अर्धा गणपती दिसतो.