सिनेमात पैसे घालण्याआधी पट्टी वाचायला शिका

आमचं घर निफाडकडचं, कांद्याचं. लासलगावहून ट्रॅक्टर रिकामा परतला की आई एकच विचारायची, "पट्टी कितीची झाली?" लिलावात भाव काय फुटला, याच्याशी तिला घेणं नव्हतं. हमाली, तोलाई वजा होऊन कागदाच्या तळाशी जो आकडा उरतो, त्यावर घर चालायचं.

नाशिकात बी.कॉम. करून मी मुंबईला एका चित्रपट वितरकाकडे हिशोबाला लागलो, तेव्हा ही पट्टीच कामी आली. आता नाशिकहून ओळखीपाळखीतून फोन येतात, "एका मराठी सिनेमात पाच लाख टाकतोय, टाकू का?" कोणी हिशोबाच्या बाजूने या धंद्यात शिरू बघतं. दोघांना मी आधी डीसीआर वाचायला लावतो.

डीसीआर म्हणजे थिएटरकडून रोज येणारा कागद. कुठल्या खेळाला किती तिकिटं, कोणत्या दराची, कर किती, सगळं त्यावर असतं. २३६ रुपयांचं एक तिकीट धरा. त्यातले ३६ रुपये जीएसटीचे, उरले २००. पेपरात 'गल्ला' म्हणून छापतात तो बहुतेकदा २३६ चा, म्हणजे ग्रॉस. २०० हा नेट. या नेटमधून थिएटरचा वाटा निघतो आणि उरतो तो शेअर. निर्मात्याकडे जायला निघालेला पैसा इथून सुरू होतो.

वाटा किती? २००९ मध्ये हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं जोरात वाजलं, दोन महिने नवे सिनेमे अडले. मग ठरलं: वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. मराठी सिनेमाला करार वेगळा होऊ शकतो, पण उतरती भाजणी लक्षात ठेवा. आपल्याकडचा चांगला सिनेमा पुष्कळदा तोंडी प्रसिद्धीवर तिसऱ्या आठवड्यात उठतो, आणि नेमका तेव्हाच आपला वाटा आटलेला असतो.

आता माझ्या मामांची गोष्ट. त्यांनी एका सिनेमात पैसे घातले होते. फाईल मी स्वतः चाळली आहे. आकडे गोल केलेत. निर्मितीखर्च २ कोटी ४० लाख. प्रसिद्धी आणि डिजिटल प्रोजेक्शनचा खर्च ६० लाख. ग्रॉस ६ कोटी. मामांनी गावात पेढे वाटले, कारण 'तीन कोटीचे सहा झाले'.

६ कोटीतून जीएसटी गेला, नेट साधारण ५ कोटी ८ लाख. सरासरी ४५ टक्क्यांनी शेअर २ कोटी २९ लाख. वितरकाचं कमिशन १० टक्के, उरले २ कोटी ६ लाख. प्रसिद्धीचे ६० लाख वितरकाने घातले होते, ते त्याने आधी कापले. उरले १ कोटी ४६ लाख. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क मिळून १ कोटी २० लाख आले. एकूण २ कोटी ६६ लाख, खर्च वजा जाता नफा २६ लाख. लावलेल्या तीन कोटींवर पावणेनऊ टक्क्यांच्या आत, आणि तेही अडीच वर्षांत. वर्षाला साडेतीन टक्केसुद्धा पडले नाहीत. बँकेची एफडी बरी!

पण खरी मेख पुढे होती. निर्मात्याने फायनान्सरकडून एक कोटी उचलले होते, महिन्याला शेकडा दोनने. बजेटमध्ये व्याज धरलंच नव्हतं. दीड वर्षाचे ३६ लाख झाले. फायनान्सर रांगेत पहिला, मामा शेवटी. मामांच्या करारात होतं 'निव्वळ नफ्यात दहा टक्के'. २६ मधून ३६ गेल्यावर निव्वळ काय राहणार?

म्हणून करार हातात आला की टक्का सोडा, रांग बघा. कोणाचे पैसे आधी सुटणार, वजावटीत निर्मात्याच्या ऑफिसचं भाडं बसतं का, व्याज कुठे लिहिलंय. वितरकाने एमजी दिली असेल, म्हणजे ठरलेली रक्कम आधीच मोजली असेल, तर निर्मात्याचा धोका उतरतो. ती वसूल झाल्यावर वरचा पैसा येतो त्याला ओव्हरफ्लो म्हणतात, त्यात आपला वाटा लिहून घ्या. एमजी बुडाली तर तोच सिनेमा निर्मात्याला फायद्याचा आणि वितरकाला तोट्याचा ठरतो. 'हिट की फ्लॉप' विचारणाऱ्याला मी म्हणूनच उलट विचारतो, कोणासाठी? शासनाचं अनुदान मात्र आधीच जमेला धरू नका. ते परीक्षणानंतर मिळतं, आणि मिळेलच असं नाही.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात मामांना एकदा घेऊन गेलो होतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी सिनेमासाठी स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकली होती. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "त्यांनी निदान स्वतःच्या सिनेमासाठी टाकली."

गेल्या वर्षी मामांनी पुन्हा दोन लाख घातले. या वेळी करार मी वाचला. वाटा ओव्हरफ्लोत, हिशोब दर तीन महिन्यांनी, डीसीआर बघायचा हक्क लिहून घेतलेला. दोन हिशोब आलेत, एक लाख दहा हजार सुटले. तिसरा दिवाळीनंतर येईल. परवा मामींचा फोन होता, "पट्टी आली का रे?"