कॉलेजच्या आर्ट गॅलरीत इंटर्नशिप, तीही गोव्याच्या पावसाळ्यात

जून ते ऑगस्ट असे तीन महिने मी पणजीतल्या एका कॉलेजच्या गॅलरीत इंटर्नशिप केली, आता ज्युनियर्स सारखे विचारतात की तिथे नेमकं करायचं काय असतं, म्हणून लिहितेय. अर्जाचं विशेष काही नाही, बायोडेटा दिला, मॅडमशी दहा मिनिटं बोलले, झालं.

मला वाटलेलं लोकांना चित्रं समजावून सांगायचं काम असेल. पहिल्याच दिवशी मॅडमनी टेबलावर मऊ कापड घातलं, फ्रेम पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी पाठ बघ." मागे जुन्या प्रदर्शनाचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, गंजलेले खिळे, एका कोपऱ्यात बुरशी. हे सगळं लिहून, फोटो काढून ठेवायचं, त्याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात, चित्र येताना एक आणि परत जाताना एक. "थोडं खराब आहे" असं लिहून चालत नाही, "खाली डावीकडे ३ सेंमीचा डाग" असं लिहायचं. आणि साइज लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर, हे पाठच करा.

चित्र टांगायला मला आमच्या मेस्तकाकांनी शिकवलं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर आला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेसमोर. समजा फ्रेम ६० सेंमी उंच आहे आणि मागची वायर ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येते, तर १५० अधिक ३० (फ्रेमची अर्धी उंची) वजा ८, खिळा १७२ वर. काका हे तोंडी करायचे, मी आधी कागदावर करायचे, महिन्याभरात मलाही तोंडी यायला लागलं आणि तो आनंद मला अजून आठवतो.

पण खरं शिकले ते पावसाने. बाहेर हवेत ओल ८५-९० टक्के, आणि कागदावरच्या कामांना ५० च्या आसपास बरं. एका शनिवारी दुपारी एसी आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल कमी करणारं यंत्र) बंद करून सगळे घरी गेलो, सोमवारी येऊन बघतो तर दोन जलरंगांचे कागद फुगून लाटा आलेल्या. मला रडूच आलं. मॅडमनी समजावलं की ओल जास्त असणं वाईटच, पण ती एकदम वर-खाली होणं कागदाला जास्त बाधतं. तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ ओल मोजायचं मीटर बघून वहीत आकडा लिहायचे, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावायचे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते.

नंतर पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांची चित्रं बघायला गेले. त्यांचं कितीतरी काम कागदावरचं, जलरंगातलं. आपल्या ह्या हवेत ते इतकी वर्षं टिकलंय म्हणजे कोणीतरी ते मनापासून जपलंय, आणि मी चित्रांइतकीच त्यांच्या कडाही बघत उभी राहिले.

जाणार असाल तर स्टायपेंड आहे का ते आधीच स्पष्ट विचारून घ्या, मला फक्त सर्टिफिकेट मिळालं. सोबत मेजरिंग टेप आणि पेन्सिल ठेवा, पेन नको, चित्राजवळ शाईचं काही न्यायचंच नाही.