पेलेट स्टोव्ह बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या छोट्या कांड्या (पेलेट) जाळणारी शेगडी. तिच्याबद्दल ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ यंत्राच्या बिघाडात नसून हवेच्या वाटेत साचलेल्या राखेत असते. लाकडाच्या साध्या शेगडीत हवा धुराड्याच्या ओढीने आपोआप खेचली जाते. पेलेट स्टोव्हमध्ये हे काम विजेवर चालणारा पंखा करतो आणि त्या पंख्याच्या भरवशावर फिरणारा स्क्रू हॉपरमधले, म्हणजे पेलेट साठवण्याच्या टाकीतले, इंधन पुढे ढकलत राहतो. हवेची वाट अर्धी बुजली तरी इंधन येतच राहते, म्हणून ज्योत मंद, नारिंगी आणि धुरकट होते व काच काळी पडते. अशा वेळी स्टोव्ह साफ न करता पॅनेलवरची बटणे दाबत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, कारण चुकीच्या सेटिंगने जळणारा स्टोव्ह आणि तुंबलेला स्टोव्ह समोरून अगदी सारखेच दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक धूरनळीत होते. पंखा धूर बाहेर ढकलत असल्यामुळे नळीतला दाब खोलीतल्या हवेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे एखादा सांधा जरी सैल राहिला तरी धूर खोलीत येतो. पैसे वाचवण्यासाठी साधी एकपदरी पत्र्याची नळी वापरून सांध्यांवर चिकटपट्टी गुंडाळणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देतो. पेलेट स्टोव्हसाठीच बनवलेली, दुहेरी भिंतीची आणि गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी पट्टी) असलेली नळीच हवी. लांबीचा हिशेबही डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत आडवी नळी फुटाला एक फूट, उभी नळी फुटाला अर्धा फूट आणि काटकोनाचे प्रत्येक वळण ५ फूट धरतात. ही बेरीज १५ फुटांच्या पुढे गेली की ३ इंचांऐवजी ४ इंच व्यासाची नळी घ्यावी लागते. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा नियम असेल, तर तोच पाळावा.

एका घरात स्टोव्ह कपाटाआड नेटका दिसावा म्हणून नळी बरीच लांब आडवी नेलेली होती, तिला दोन वळणे होती आणि राख काढण्यासाठी झाकणाचा टी-जोड कुठेही नव्हता. ऐन थंडीत स्टोव्ह पेटायचा आणि थोड्या वेळात आपोआप बंद व्हायचा. हवेचा दाब बिघडल्यावर त्याला बंद करणारा प्रेशर स्विच आपले काम चोख करत होता, पण घरमालकांना तो सदोष वाटला आणि कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी त्याच्या दोन्ही वायरी तारेच्या तुकड्याने जोडून टाकल्या. स्टोव्ह चालू राहिला, सगळे समाधानी झाले आणि काही दिवसांनी भर रात्री शयनगृहातला कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजू लागला. अलार्म होता म्हणून त्या घरातली माणसे वेळेत बाहेर पडली. नळी उतरवली तेव्हा पहिल्या वळणात पिठासारखी बारीक करडी राख घट्ट बसलेली होती आणि वर बोटभर फट तेवढी उरली होती. सुरक्षा स्विच वगळणे ही दुरुस्ती नव्हे, आणि तसा सल्ला देणाऱ्या माणसाचा कोणताच सल्ला घेऊ नये. स्विच वारंवार स्टोव्ह बंद करत असेल तर क्रमाने नळी, धूर-पंख्याची पाती, स्विचकडे जाणारी रबरी नळी आणि दाराचे गॅस्केट तपासावे. गॅस्केटसाठी स्टोव्ह थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज सरकत बाहेर आली, तर गॅस्केट बदलायची वेळ झाली आहे.

दुसरी चूक उतावीळपणाची. स्टोव्ह पहिल्या प्रयत्नात पेटला नाही की काही जण दार उघडून बर्न पॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळण्याच्या भांड्यात, मूठभर पेलेट टाकतात, काही जण तर ज्वालाग्राही द्रव ओततात. धुमसणाऱ्या पेलेटमधून निघालेला वायू पेटीत साठतो आणि एकदम पेट घेतो. त्या धक्क्याने काच फुटू शकते. स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्यावा, भांडे रिकामे करावे आणि मगच पुन्हा सुरू करावे. अर्धवट जळालेले पेलेट हॉपरमध्ये परत टाकू नयेत. माझा नेम असा की रोज पेटवण्यापूर्वी थंड बर्न पॉट बाहेर काढून खरवडायचा, तळाचे प्रत्येक भोक तारेने मोकळे करायचे आणि भांडे जागेवर नीट बसले आहे याची हाताने खात्री करायची. भांडे किंचित तिरपे बसले तरी इग्नायटरसमोरचे (पेलेट पेटवणाऱ्या विजेच्या भागासमोरचे) भोक सरकते आणि लोक मग चांगला इग्नायटर बदलून बसतात.

पेलेट निवडताना ६ मिलिमीटर व्यास, १० टक्क्यांपर्यंत ओलावा आणि कमी राख पाहावी. एनप्लस या पेलेटच्या दर्जा-प्रमाणपत्राच्या ए१ दर्जात राखेची मर्यादा ०.७ टक्के आहे. ओल लागलेले पेलेट फुगून भुसा होतात आणि तो स्क्रूमध्ये अडकून घट्ट बसतो, म्हणून पोती जमिनीपासून उंच ठेवावीत आणि हॉपरच्या तळाचा भुसा अधूनमधून काढावा. मोठ्या बंद कोठारात पेलेट साठवणाऱ्यांनी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी : न जळताही पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे हवा खेळती केल्याशिवाय आत शिरू नये.

गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेऊ नये, कारण तो सतत मंद चालतो आणि काजळी धरतो. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढू नये. राखेत निखारे बराच काळ जिवंत राहतात, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर ठेवावी. पहिल्यांदा पेटवताना रंग भाजल्याचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

बंद करण्यासाठी प्लग कधीही ओढू नये; बटण दाबल्यावर पंखा उरलेले इंधन जाळून संपवतो आणि मगच थांबतो. वीज गेली की हाच पंखा मध्येच थांबतो आणि भांड्यातले पेलेट धुमसत राहतात. म्हणूनच भिंतीतून थेट आडवी नळी बाहेर काढण्याची परवानगी असली तरी मी किमान चार-पाच फूट उभी नळी आग्रहाने घालतो, म्हणजे गरम धूर पंख्याशिवायही वर जातो. वीज वारंवार जात असेल तर स्टोव्हला चालणारा यूपीएस आधीच जोडून ठेवावा, आणि वीज गेल्यावर धूर दिसला तरी स्टोव्हचे दार उघडू नये. खोलीची खिडकी उघडावी.